एका शब्दाचे कुलवृत्तांतकार

वडिलांच्या हयातीत आमच्या दुकानावर एकच पाटी होती. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'येथे चष्मे मिळतात', आणि खाली बारीक अक्षरांत 'इतर चौकशी करू नये'. बुधवार पेठेत एवढ्या भांडवलावर त्यांनी जन्म काढला. ते गेले, दुकान माझ्याकडे आलं आणि मला आधुनिक होण्याची हौस आली. घरोघर केबल येत होती, कोपऱ्यावरच्या वाण्यानं स्वतःला सुपर मार्केट म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. मी जुनी पाटी उतरवली आणि आतून दिवे लागणारी निळी-पिवळी पाटी चढवली. तिच्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'व्हिजन सेंटर'. 'इतर चौकशी करू नये' हे तेवढं गाळलं. ही माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक की सगळ्यात मोठं पुण्य, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता चौकशी येऊन दारात उभी राहिली.

बुशशर्ट, पायात जाड चपला, खांद्याला शबनम आणि हातात छत्री. दिवस डिसेंबरचे. गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या बायका त्या गृहस्थांना वळसा घालून जात होत्या आणि ते फुटपाथच्या मधोमध उभे राहून माझी पाटी वाचत होते. दोन शब्द वाचायला दहा मिनिटं लागणारा माणूस म्हणजे आपलं गिऱ्हाईक, असा विचार करून मी लगबगीनं बाहेर गेलो.

"या, या. नंबर तपासायचाय?"

"तुमचा की माझा?" ते म्हणाले. "ही पाटी कुणी लिहिली?"

"पेंटरनं."

"शब्द कुणी निवडला?"

"मी."

"ओळख कधीपासूनची?"

"कुणाची?"

"या शब्दाची. भर रस्त्यावर, दिवे लावून, दारावर उभा केलाय. म्हणजे चांगली ओळख असणार. मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं, आधी कुठं नोकरीला होता, काही चौकशी? अहो, भाडेकरू ठेवतानासुद्धा लोक दोन प्रश्न विचारतात."

हे करंबेळकर सर. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत माझ्या पाटीवरचा शब्द रोमहून निघाला होता.

"मूळ गाव रोम," सर म्हणाले. "तिथं पाहण्याला 'विदेरे' म्हणत. त्या घरात याचा जन्म. पुढं काही पिढ्या फ्रान्सात काढल्या, मग समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला. तिथं याला पहिली नोकरी कुठं मिळाली असेल?"

"चष्म्याच्या दुकानात?"

"मठात. साधुसंतांना जे दिसायचं, देवदूत, स्वर्गाचं दार, त्याला तिथले लोक व्हिजन म्हणत. आपण दृष्टान्त म्हणतो ना, तसं. म्हणजे बाकी कुणालाही जे दिसत नाही, ते. समोरचा खांब साध्या डोळ्यांनी दिसणं, या कामाला त्याला जुंपलं ते नंतर, शे-दीडशे वर्षांनी. आणि पुढारी लोकांना पन्नास वर्षं पुढचं दिसतं म्हणतात, ती तर अगदी काल लागलेली नोकरी." त्यांनी बशीत चहा ओतला. "तेव्हा तुमच्या पाटीचा मूळ अर्थ असा, की आत या, नसलेलं दिसू लागेल."

मी हसलो. ते हसले नाहीत. सर स्वतःच्या विनोदाला कधीच हसत नसत. समोरचा हसला की मात्र भुवया उंचावून, 'यात हसण्यासारखं काय?' असा चेहरा करत आणि आतल्या आत खूश होत.

"आता भाऊबंद," ते म्हणाले. "व्हिडिओ, व्हिसा, व्हिजिट, एव्हिडन्स. ही सगळी रोमकडची मंडळी. ग्रीसमधली आयडिया हीसुद्धा यांच्याच घरातली. आणि आपल्याकडे कोण आहे, माहीत आहे? वेद. विद्या. वेद आणि व्हिडिओ सगोत्र आहेत, चष्मेवाले. त्यांचं लग्न लावता यायचं नाही."

त्या दिवसापासून मी 'चष्मेवाले' झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्या नावाचा कुलवृत्तांत त्यांना फारसा रंजक वाटला नसावा.

पुण्यात घराघरांत कुलवृत्तांताचं एक जाडजूड पुस्तक असतं. मूळ पुरुष कोण, तो कोकणातून कधी वर आला, कुठली शाखा कुठं गेली, कोण दत्तक गेलं, हे त्यात लिहिलेलं असतं. सर तेच शब्दांचं करत. एका शब्दाला एक वही. मूळ पुरुष, मूळ गाव, स्थलांतर, शाखा, हयात वंशज, अशी प्रकरणं. अशा चाळीसेक वह्या घरातल्या ट्रंकेत होत्या. त्यांत 'बटन'पासून 'पेन्शन'पर्यंत सगळे होते. फक्त 'व्हिजन'ची वही पुरी होत नव्हती, कारण सरांची कामाची एक पद्धत होती. पुस्तकात एखादा अर्थ दिलाय म्हणून ते तो उतरवून घेत नसत. तो अर्थ वापरणारा जिवंत माणूस भेटला पाहिजे, त्याच्या तोंडून तो ऐकला पाहिजे, मगच वहीत नोंद. "प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय सोयरीक नाही," असं म्हणत. एखादं वाक्य कानावर पडलं की शबनममधून दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल निघायची. दोन्ही टोकांनी का, असं मी एकदा विचारलं. "एक टोक मोडलं तर समोरच्याचं वाक्य वाया जायला नको," असं उत्तर मिळालं.

एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी त्यांना हिंजवडीला आपली कंपनी दाखवायला घेऊन गेला. तिथून सर परस्पर माझ्या दुकानात आले. दोन गिऱ्हाइकं चष्म्याच्या फ्रेमी लावून आरशात बघत होती. सरांनी त्यांच्यासकट मला प्रेक्षक केलं आणि काउंटरसमोर उभं राहून अख्खा प्रवेश करून दाखवला.

"दारात शिरल्याबरोबर भिंतीवर संगमरवरात कोरलंय, 'आमचं व्हिजन'. खाली चार ओळी, जगात अव्वल होण्याबद्दल. मी आमच्या चिरंजीवांना विचारलं, हे कुणाला दिसलं?" लगेच सरांनी खांदे पाडले, गळ्यात नसलेली ओळखपत्राची पट्टी चाचपली आणि विद्यार्थ्याच्या आवाजात म्हणाले, "'सर, मॅनेजमेंटला.' मी म्हटलं, सगळ्यांना एकदम? 'हो सर, महाबळेश्वरला. दोन दिवसांची मीटिंग होती.' मी म्हटलं, पहिल्या दिवशी दिसलं का दुसऱ्या? 'दुसऱ्या दिवशी सर, लंचनंतर.'"

मग त्यांनी शबनममधून वही काढली आणि नोंद वाचून दाखवली. "सामुदायिक दृष्टान्त. स्थळ महाबळेश्वर. जेवणाची सोय होती."

फ्रेमी लावून बघणारे दोघे इतके हसले, की एकानं घ्यायची नसलेली फ्रेमसुद्धा घेतली.

सरांच्या पत्नी सुमतीकाकू. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल लावून देण्यात त्यांची नोकरी झाली. आयुष्यभर दर तीन मिनिटांनी लोकांचं बोलणं तोडल्यामुळे त्यांच्या स्वभावात एक सुंदर तुटकपणा आला होता. आवाज मात्र घंटेसारखा. बाजारात हळू आवाजात भाव विचारला तरी पलीकडच्या दुकानातली बाई उत्तर द्यायची. सर रंगात येऊन बोलू लागले, की काकू शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली." आणि सर खरोखर थांबत. त्यांच्या शब्दसंशोधनाबद्दल काकूंचं मत मी एकदाच ऐकलं. "माझं माहेर पाटणकरांचं, यापलीकडे यांना माझ्या घराण्याची काही माहिती नाही. बटनाची मात्र सात पिढ्यांची आहे."

काकू दर सहा महिन्यांनी सरांना डोळे तपासायला माझ्याकडे पाठवायच्या. 'जाऊन नंबर बघून या, आणि कार्ड आणून दाखवा.' मी तपासून कार्डावर लिहून देत असे. इथं आमच्या दुकानातली एक गंमत सांगायला हवी. डोळे तपासायला माणूस आणि तक्ता यांच्यात वीस फूट अंतर लागतं. आमचं दुकान जेमतेम अकरा फूट लांब. म्हणून वडिलांनी तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, भिंतीवर टांगला होता आणि समोर आरसा लावला होता. तक्त्यावर अक्षरं उलटी, म्हणजे आरशात सुलटी दिसतात. तक्त्याच्या एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी. इंग्रजी न वाचणारं कुणी आलं की मी तक्ता फिरवत असे.

सर खुर्चीत बसले की धडाधड म्हणत. "ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी." वरून खाली, न चुकता, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. वर शेरा असायचाच. "तुमच्या तक्त्यात स्वरांची फार टंचाई आहे. कारखान्यात कुणी तरी कंजूष माणूस बसलाय." मी कार्डावर 'उत्तम' लिहायचो. सत्तरीतल्या माणसाची एवढी नजर! मी इतर म्हाताऱ्यांना त्यांचं उदाहरण देत असे.

अशी दहाएक वर्षं गेली आणि मग तो मंगळवार आला.

कात्रजकडचे बाबूराव माझं जुनं गिऱ्हाईक. शेती होती, ती गेली, आता तिथं इमारती आहेत आणि बाबूरावांच्या बोटांत अंगठ्या. ते इंग्रजी तक्त्याला हात लावू देत नसत. "ती यबीशीडी कशाला? आपली मऱ्हाटी लावा." मी तक्ता फिरवला, त्यांची तपासणी केली, आणि ते फ्रेम निवडायला बाजूच्या बाकावर बसले. तेवढ्यात सर आले. सहा महिने झाले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा एक डोळा झाकला आणि म्हटलं, "हं, वाचा."

"ई," सर म्हणाले. "एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी..."

माझं लक्ष कार्डाकडे होतं. मी 'उत्तम'मधला 'उ' लिहीत होतो.

"आवं सर," बाकावरून बाबूराव म्हणाले, "काय वाचताय? तिथं तर क हाय. भला मोटा क."

मी मान वर केली. आरशात मराठी तक्ता होता. वर एकच अक्षर, वीतभर उंचीचा क. तो ज्याला दिसत नाही त्याला काहीच दिसत नाही.

सर थांबले. दुसरा कुणी असता तर काही तरी सबब सांगितली असती. सरांनी डोळ्यावरची पट्टी स्वतःच काढली, नीट घडी केली आणि म्हणाले, "चष्मेवाले, तक्ता फिरवताना सूचना द्यायची पद्धत ठेवा. असा दगा करू नये."

बाबूरावांना काय झालं ते कळलं. तो मोठा माणूस उठला, सरांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "माज्या आज्यालाबी शेवटी दिसत नव्हतं. पर बांधावर हुबा ऱ्हाऊन सांगायचा, कुठल्या वाफ्याला पानी पोचलंय ते."

"कसं सांगायचा?" सरांनी विचारलं.

"आता कसं म्हंजी? ठावं असायचं."

सरांचा हात शबनममध्ये गेला, पेन्सिल बाहेर आली आणि तशीच परत गेली.

बाबूराव गेल्यावर सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी सर एकटेच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. पडद्याचा मधला भाग झिजतोय, कडेचं दिसत राहील पण मधलं जाणार, वाचन जाणार, आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हा दोष कुठल्याही काचेत बसणारा नव्हता. म्हणून नंबर बदलत नव्हता आणि मी शहाणा दर वेळी 'उत्तम' लिहीत होतो.

"मग माझ्याकडे कशाला येत होतात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमच्या कार्डासाठी. सुमती कार्ड बघते. तिला कळलं तर ती माझ्या हातातली पेन्सिल काढून घेईल. डोळ्यांना ताण नको म्हणेल, आणि तिचं म्हणणं बरोबर असेल. पण श्रावणातल्या बैठकीत माझा व्हिजनवरचा निबंध आहे. तेवढा वाचून होऊ द्या. मग मीच सांगेन तिला. तोवर तुम्ही बोलायचं नाही."

ही बैठक म्हणजे रविवार मंडळाची. आठ-दहा निवृत्त माणसं महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात जमायची आणि एक जण निबंध वाचायचा. मंडळाला एकच नियम होता आणि तो सरांनीच केला होता. जे सांगायचं ते लिहून आणायचं आणि कागदावरून वाचायचं. तोंडी बोलायची परवानगी नाही. "तोंडी बोलायला पुण्यात कट्टे पुष्कळ आहेत," असं ते म्हणत. या नियमापायी त्यांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांना सुरू झालेल्या वाक्यावर खाली बसवलं होतं. व्हिजनचा निबंध ते आठ वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत आले होते. आता निबंध होत आला होता, आणि तो वाचायला डोळे उरले नव्हते.

मी गप्प राहायचं कबूल केलं. त्यानंतर चौथ्या दिवशी सुमतीकाकू दुकानात आल्या.

"भिंग पाहिजे. चांगलं, मोठं."

"कुणासाठी?" मी विचारलं, आणि माझाच आवाज मला चोरासारखा वाटला.

"माझ्यासाठी." त्यांनी पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. सरांचं अक्षर. एके काळी मोत्यासारखं. आता एकावर एक तीन-तीन ओळी चढल्या होत्या. एक ओळ कागद संपल्यावरही चालू राहिली असावी, तिचं शेवटचं अक्षर कडेला अर्धं तुटलं होतं. "हे सकाळी सारसबागेत फिरायला जातात, तेवढ्या वेळात मी उतरवून काढते. पण आता फारच गुंता व्हायला लागलाय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"म्हणजे तुम्हाला..."

"चहात साखर कुणी घातली नाही ते मला न चाखता कळतं. एवढं कळणार नाही?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर हे लिहायचं थांबवतील. माझ्यापासून लपवायचंय, म्हणून नेटानं लिहिताहेत. निबंध होऊ दे. तोवर यांना वाटू दे, मला काही माहीत नाही." त्यांनी भिंग उलटसुलट करून पाहिलं. "आणि तुम्ही चेहरा असा करू नका. तुम्ही मला काही बोलला नाहीत, मी तुम्हाला काही विचारलं नाही."

"मजकूर कसा आहे?" मला राहवेना.

"बरा आहे. पसरट आहे."

पुढचे तीन महिने मी जे सोसलं ते माझं मला माहीत. नवरा येऊन म्हणायचा, 'तिला संशय आलेला नाही ना?' बायको येऊन म्हणायची, 'यांना शंका आलेली नाही ना?' एकदा दोघं एकदमच आले. सरांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. काकू म्हणाल्या, "डोळे काय म्हणतात यांचे?" सर म्हणाले, "सांगा चष्मेवाले, काय म्हणतात?" दोघं माझ्याकडे बघत होते. मी खाली पडलेला स्क्रू शोधायला काउंटरखाली गेलो आणि बराच वेळ वर आलो नाही. स्क्रू माझ्या हातातच होता.

श्रावणातला तो रविवार उजाडला. मी सरांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. पुढच्या महिन्यात दोघं मुलीकडे बडोद्याला राहायला गेली आणि दोन वर्षांनी सर तिकडेच वारले. त्यामुळे त्या वर्गातली प्रत्येक गोष्ट मी जपून ठेवली आहे.

सातवी ब. लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे मुडपून बसलेली म्हातारी माणसं. भिंतीवर भारताचा नकाशा, फळ्यावर शनिवारची गणितं. मंडळाच्या बैठकांना बायका सहसा येत नसत, पण काकू मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चिटणिसांनी नेहमीप्रमाणे नियम वाचून दाखवला. सर कागदांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले, त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान डोळ्यांसमोर धरलं आणि सुरुवात केली.

काय सांगू! ते पाठ म्हणताहेत हे मला माहीत होतं, तरी मी फसत होतो. पान संपल्यावर ते उलटत होते. ओळीवरून नजर फिरवल्यासारखी मान फिरवत होते. एका ठिकाणी तर 'इथं अक्षर जरा वाईट आलंय' असं म्हणून त्यांनी कागद जवळ धरला. रोम झालं, फ्रान्स झाला, मठातले संत झाले. महाबळेश्वरला मंडळी पोट धरून हसली. मला वाटलं, तरले.

"आता ग्रीक शाखा," सर म्हणाले. "ग्रीक शाखेत तीन घराणी. पहिलं..." आणि थांबले. "ग्रीक शाखेत तीन घराणी," ते पुन्हा म्हणाले. पान उलटलं, परत उलटलं. एक कागद निसटून खाली गेला. तो उचलायला वाकले, तर दोन आणखी पडले. त्यांनी तिन्ही कागद गोळा केले आणि गठ्ठ्यात कुठं तरी खुपसले. आता त्या गठ्ठ्याचा आणि त्यांचा संबंध तुटला होता.

"सर, तोंडीच सांगा," चिटणीस हळूच म्हणाले. "आजच्यापुरता नियम बाजूला ठेवू."

"नियम मी केलाय," सर म्हणाले. "माझ्यासाठी बाजूला ठेवलात, तर ज्यांना मी खाली बसवलं त्यांची माफी मागावी लागेल. लिहा चिटणीस, वक्त्यास वाचता येत नसल्यामुळे बैठक तहकूब."

दीड वर्ष लपवलेलं ते वाक्य त्यांनी असं, इतिवृत्तात घालायला सांगितलं. आणि ते कागद शबनममध्ये कोंबू लागले.

"पान अकरा," मागून आवाज आला.

काकू उठल्या होत्या. बाकांमधून वाट काढत पुढे आल्या, पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली, टेबलावर ठेवली आणि चष्मा चढवला. "ग्रीक शाखा, पहिलं घराणं. वाचू?"

"सुमती?" सर म्हणाले. "हे काय आहे?"

"तुमचा निबंध. मी फक्त दोन ओळींच्या मध्ये जागा सोडली आहे."

सर उभेच. मला वाटलं आता रागावणार. मग त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "केव्हापासून?"

"दिवाळीपासून. बसा."

"पण नियम..." चिटणिसांना नको तिथं कर्तव्य आठवलं.

"नियम वाचण्याचा आहे," काकू म्हणाल्या. "कुणी वाचायचं, ते त्यात नाही."

सर पहिल्या बाकावर बसले आणि काकूंनी वाचायला सुरुवात केली. तो घंटेसारखा आवाज. ग्रीक नावं त्यांनी अशी उच्चारली, जशी काही अथेन्सची लाइन जोडून देताहेत. एका ठिकाणी थांबल्या. "इथं दीड पान कोकणातल्या आडनावांवर आहे. त्याचा विषयाशी संबंध नाही. गाळते."

"संबंध आहे!" सर बाकावरून ओरडले.

"अर्ध्या पानाचा आहे. तेवढं वाचते."

मंडळी हसली, सर भुवया उंचावून, यात हसण्यासारखं काय, असा चेहरा करून बसले. मग संस्कृत शाखा आली. 'वेद' हे जुन्या भाषेत एक अख्खं वाक्य आहे, काकू वाचत होत्या, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे असा. त्याचा ग्रीक भाऊ म्हणतो, मी पाहिलेलं आहे, म्हणून मला ठाऊक आहे. पाहणं संपलं तरी ठाऊक असणं राहतं, असं या दोन भावांकडे बघून म्हणता येईल.

हे वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला, एवढंच. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान डावीकडे वळवली होती आणि ते भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. अगदी टक लावून. चिटणिसांनी मला कोपरानं ढोसलं. "फारच लागलेलं दिसतंय हो. बायको एवढं वाचतेय आणि हा माणूस तिच्याकडे बघतसुद्धा नाही."

माझा धंदा डोळ्यांचा आहे. पडद्याचा मधला भाग गेला की माणूस ज्याच्याकडे सरळ बघेल तेच नाहीसं होतं. काही पाहायचं असेल तर त्याच्या बाजूला, हातभर अंतरावर नजर लावावी लागते. मग ते कडेनं येतं, धूसर, पण येतं. नकाशा काकूंच्या डोक्यापासून बरोबर हातभर लांब होता.

चिटणिसांना राहवेना. ते मोठ्यानं म्हणाले, "अहो सर, तिकडे नकाशात काय बघताय? वहिनी इकडे वाचताहेत, जरा इकडे बघा."

काकूंनी वहीतून मान वर केली नाही.

"ते इकडेच बघताहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं. "पान चौदा."